गाडीची घोडी आणि लिंबाजी नाना

शेवंतामायचं नाव आधी घेतो, नाना. राग मानू नका. मला पुन्हा गाडीखाली हात घालायला लावलं ते तिनं. तुम्ही घोडी केलीत, घोडीखालची जमीन केलीत, पिना केल्यात, सगळं खरं. तरी माझा हात पुढं झाला तो तिच्यामुळं. तीन वर्षं आपण ह्यावर भांडलो. तुम्ही ते भांडण अर्ध्यात टाकून गेलात, तेव्हा निकाल माझ्या बाजूनं लागला असं समजा.

तुमच्या पुण्यानुमोदनाला तुमच्या लेकीनं, रत्नाताईंनी, माझ्या हातात माइक दिला. त्रिशरण-पंचशील झालं होतं. परळीच्या थर्मल वीजकेंद्रातले तुमचे जुने सोबती बोलून गेले होते, कुणी चिमणीच्या कामाचं सांगितलं, कुणी विहाराच्या छताचं. ताई म्हणाल्या, आता ह्यालाही बोलू द्या. मी उभा राहिलो आणि "नाना लई चांगले होते" एवढंच बोलून खाली बसलो. मागून कुणीतरी म्हणालं, हा माणूस गाडीशीच बरा बोलतो. खोटं नाही ते. नंतर ताई म्हणाल्या, नानांवर एक छोटी पुस्तिका काढायची आहे, बोलायचं राहिलं ते लिहून दे. आठवीत शाळा सुटल्यापासून मी गाड्यांचे नंबर सोडून काही लिहिलेलं नाही. चुकलंमाकलं ताई बघतील. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण पुस्तिका वाचणाऱ्यांना नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. मधे टोकू नका.

माझं गाव साकोलीकडं, भंडारा जिल्ह्यात. भाताचा मुलूख. टॉवर लाइनच्या गँगबरोबर परळीला आलो, तारा ओढत घाटनांदूरपर्यंत पोचलो, आणि इथल्या एका टॉवरवर अर्ध्या उंचीत माझे पाय असे गळाले की दोघांनी दोर बांधून मला खाली घेतलं. त्यानंतर वर चढलोच नाही. गँग पुढं गेली, मी मागं राहिलो. दुचाकीचं काम थोडंफार येत होतं. तुमच्या घरापुढचं पत्र्याचं शेड रिकामं होतं. तुम्ही नाव विचारलं नाही, गाव विचारलं, आणि तेव्हापासून मी गावभर 'साकोली' झालो. तुमची कारभारीण शेवंतामाय, तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "जेवला कावून न्हाई?" आमच्याकडं काऊन म्हणतात. एवढ्या लांब येऊन तो शब्द जवळजवळ तसाच कानावर पडला आणि मला वाटलं, इथं राहायला जमेल.

आता घोडी. घोडी म्हणजे गाडी जमिनीवरून उचलून धरायचा लोखंडी सांगाडा. इकडं दुधाचे कॅन वाहून वाहून गाड्यांचे डबल स्टँडच मोडतात. गाडी ज्याच्यावर उभी करायची तेच दुरुस्त करायचं, मग गाडी उभी कशावर करणार? मी विटा रचत होतो. मग मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, भंगारातला एक लोखंडी पलंग आणला आणि त्याच्या पाइपची घोडी जोडली. वर निळा रंग मारला. लई देखणी दिसत होती. तुम्ही दारात उभं राहून बघितलीत आणि काही न बोलता आत गेलात. पुढं मी विचारलं, तेव्हाच का बोलला नाहीत? तर तुम्ही म्हणालात, तू विचारलं न्हाईस. नाना, तुमची एवढी एक गोष्ट मला पटली नाही, आजही पटत नाही. माय सांगते की ती तुम्हालाही पटलेली नव्हती. मग ते मला तुमच्या तोंडून ऐकायला आवडलं असतं.

एका शिक्षकाची गाडी होती. सायलेन्सर सोडवायला मी डावा हात खाली घातला आणि पलंगाचा पाय बाजूला दुमडला. अख्खी गाडी माझ्या मनगटावर. रस्त्यावरची चार-पाच माणसं धावली, हँडल धरून ओढायला लागली. तेव्हा तुमचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "सोडा बे. कुणी ओढू नका." तुम्ही पहार आणलीत, एक दगड लावलात आणि गाडी उचललीत, पण किती? बोटभर. लगेच खाली फळी सारलीत. परत बोटभर, परत फळी. मी बोंबलत होतो आणि तुम्ही माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता, तुमची नजर फळीवर. तिसऱ्या फळीला माझा हात सुटला. मनगट मोडलं होतं, बोटं शाबूत होती. डॉक्टर म्हणाले, ओढली असती तर बोटं राहिली नसती.

थर्मलमध्ये तुमची उमर खलाशाच्या कामात गेली. जड यंत्रं उचलायची, सरकवायची, जागेवर बसवायची. इंचभर उचललं की इंचभर टेकवायचं, मगच पुढचा इंच. हा तुमचा नेम मला नंतर कळला. त्या दिवशी फक्त एवढं कळलं की ह्या माणसाला घाई नाही, आणि म्हणून माझी बोटं आहेत.

प्लास्टर निघालं. हात बरा झाला. आणि मग जे झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. गाडीखाली हात जाईना. कुठल्याच गाडीखाली. आपल्या पायावर नीट उभी असलेली गाडी, खाली वाकलो की तळव्याला घाम, कानात टॉवरवरच्या वाऱ्यासारखा आवाज. हवा भरायची, आरसा बसवायचा, प्लग साफ करायचा, एवढंच काम करत होतो. खालचं काम आलं की सांगायचं, पार्ट मिळत नाही, परळीला न्या. बॅग भरून ठेवली होती. पण जाऊन करणार काय? टॉवरवर चढता येत नाही आणि गाडीखाली वाकता येत नाही, अशा माणसाला माझ्या गावात तरी कोण कामाला लावणार? ताटातली भाकरी तशीच राहायची. माय म्हणायची, उन्हाचं होतंय तसं.

तुम्ही ओळखलंत. कसं, ते कधी बोलला नाहीत. एका सकाळी कडब्याची चार-पाच धाटं घेऊन तुम्ही शेडमध्ये येऊन बसलात. विळ्यानं सोललीत, भेंडाचे तुकडे केलेत, बाभळीचे काटे टोचून जोडायला लागलात. इथली पोरं धाटाची बैलगाडी करतात तशी. मला वाटलं, कुणाच्या तरी नातवासाठी चाललंय. तयार झाली तेव्हा बघतो तर माझी पलंगाची घोडी, वीतभर उंचीची.

वरून दाब म्हणालात. दाबली, टिकली. बाजूनं ढकल म्हणालात. करंगळीनं ढकलली तर सगळी एका अंगाला निजली. मग तुम्ही सालीची एक चोय काढलीत, एका पायाच्या तळापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत तिरपी टोचलीत, आणि म्हणालात, आता ढकल. अंगठ्यानं ढकलली. दोन्ही अंगठ्यांनी ढकलली. न्हाई.

"उभं बी निजतं आन् आडवं बी निजतं," तुम्ही म्हणालात. "तिरपं तेवढं दोघांना निजू देत न्हाई. आन् पलंगाचा पाइप माणूस निजवायला असतोय बे, गाडी न्हाई."

मनगट मोडल्यापासून मी तेव्हा पहिल्यांदा हसलो. तुम्ही नाही हसलात. तुम्ही उठून चप्पल घातलीत आणि म्हणालात, चल परळीला, अँगल बघू.

भंगाराच्या दुकानात तुम्ही उसाच्या मोडक्या ट्रॉलीचा जाड अँगल निवडलात. प्रत्येक तुकड्यावर हातोडी मारून कान लावत होता. दुकानदार म्हणाला, काका, हार्मोनियम घ्यायला आलात काय? तुम्ही चिरका वाजला तो तुकडा बाजूला टाकलात. गावातल्या वेल्डरनं पहिला जोड केला, लांबून छान दिसत होता. तुम्ही छिन्नी लावून टोला दिलात, जोड उघडा पडला. "वरून भजं लाल हाय, आत पीठ कच्चं," म्हणालात. त्याला सगळं घासून परत करायला लावलंत. त्या गड्यानं दोन दिवस आपल्याशी बोलणं टाकलं, आणि मग स्वतःच येऊन सगळे जोड एकदा बघून गेला.

त्याच्यात मी आपलं डोकं चालवलं. घोडी मधोमध ठेवली, चारी पाय पाण्याच्या नळीनं एका पातळीत घेतले, आणि खूश होऊन तुम्हाला हाक मारली. तुम्ही जमिनीवर टाच आपटलीत. माझी जमीन भाताची. मला इथली काळी माती काय माहीत? पावसात फुगते, उन्हात अशी भेगाळते की हात आत जातो. आज सरळ उभी आहे ती घोडी चैत्रात लंगडी होईल, म्हणालात. मग मुरूम लागेस्तोवर खांदलं, मी डावा हात जपत आणि तुम्ही दोन्ही हातांनी, आणि वर काँक्रीट ओतलं. चारी पायांना तळहाताएवढ्या प्लेटा लावल्या. लांब दांडा दाबला की मधली चौकट गाडीला घेऊन वर यायची, तिच्यावर टायरचं रबर. चौकट वर आली की आरपार पिन. आणि पिनेवर विसंबायचं नाही, चौकटीखाली लाकडाचा ठोकळा. पिन दगा देईल तेव्हा ठोकळा, ठोकळा दगा देईल तेव्हा पिन.

भंगारातली एक गाडी वर चढवून तिच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनचे भरलेले कट्टे बांधले, दोन दिवस तसेच ठेवले. मग हँडलला दोर बांधून तुम्ही रस्त्यावरून ओढून बघितलंत. गर्दी जमली. कुणीतरी म्हणालं, साकोलीला घोडी तर मिळाली, आता नवरी बघा. घोडी तसूभर हलली नाही.

आणि मग तुम्ही चुकलात, नाना. लिहू ना? तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात, तेव्हा लिहितो. पहिली खरी गाडी आली ती दुधवाल्याची. तुम्ही दांडा दाबलात आणि गाडी डावीकडं कलली. कट्टे आपण दोन्हीकडं सारखे बांधले होते. त्याच्या गाडीला कॅनचा लोखंडी हुक होता, एकाच बाजूला, पोराच्या वजनाचा. पण एकच इंच उचललेली होती आणि खाली ठोकळा होता, म्हणून कलली ती तिथंच टेकली. कुणाला काही झालं नाही. मी मात्र तोवर रस्त्याच्या पलीकडं पोचलो होतो. तुम्ही तो हुक हातानं तोलून बघितलात. "थर्मलच्या मोटारीला दुधाचा हुक नसतोय," एवढं बोललात. दुसऱ्या दिवशी घोडीच्या दोन्ही अंगांना लोखंडी हात जोडले, इंजिनाच्या जुन्या पट्ट्यानं गाडी दोन्हीकडून बांधायची सोय केली. त्यानंतर जो कुणी घोडी बघायला येई त्याला तुम्ही आधी हे पट्टे दाखवायचात आणि म्हणायचात, इथं मी चुकलो होतो. मी बरेच मुकादम बघितलेत. आपली चूक अशी हात लावून दाखवणारा दुसरा बघितला नाही.

पण माझं जे थोडंफार धाडस गोळा झालं होतं ते त्या एका इंचात गेलं. घोडी तयार, भक्कम, पट्टे बांधलेली, आणि आठ दिवस रिकामी. मी रोज सकाळी तिला फडक्यानं पुसत होतो. तुम्ही म्हणालात, घाई न्हाई. तुमच्या त्या न्हाईमुळं मला अजूनच लाज वाटायची.

नवव्या दिवशी अकराच्या सुमाराला माय सुपात तूर घेऊन आली. तुम्हाला म्हणाली, तुमची गाडी घ्या वर. तुम्ही घेतलीत, पिन, ठोकळा, पट्टे, सगळं. मग तिनं स्टूल ओढलं आणि त्याच्यावर पाय देऊन सीटवर जाऊन बसली, एका अंगाला दोन्ही पाय सोडून, विहारात जाताना तुमच्या मागं बसायची तशी. तुम्ही रागावलात. भारावर माणूस चढवायचा नाही, हा खलाशाचा नेम आहे, उतर खाली. तिनं सूप मांडीवर घेतलं.

"तुमचा नेम तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "सोयाबीनचे कट्टे दोन दिस बसले. मी काय त्येंच्याहून जड हाय?"

आणि तूर निवडायला लागली. माझ्याकडं बघितलं नाही. खाली जा म्हणाली नाही, भिऊ नको म्हणाली नाही. मी पाना हातात घेऊन भिंतीशी बसलो होतो. तुम्ही खुर्चीत बसला होता, एक हात ठोकळ्यावर. किती वेळ गेला सांगता येत नाही. सुपातली अर्धी तूर झाली होती. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं ओरडून विचारलं, मावशी, कुठं निघालात?

"युसूफ वडगावला," माय म्हणाली. "साकोली नट आवळीना झालाय, म्हून थांबलेय."

मला हसू फुटलं. हसता हसताच मी खाली वाकलो, आणि वाकलोय हे मला खाली गेल्यावर कळलं. नटाला पाना लागला. पाना दोनदा निसटला. वरून तुरीची फोलकटं माझ्या मानेवर पडत होती, घामाला चिकटत होती. कानातला आवाज होता, पण त्याच्यावरून सुपाचा आवाज ऐकू येत होता. नट आवळून बाहेर आलो. माय म्हणाली, "झालं? उतरव आता मला. पाय आखडले." बस. त्यावर ती पुन्हा कधी एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी मी बॅग सोडली, कपडे दोरीवर टाकले.

तुमचं म्हणणं, तिरप्या पट्ट्या नसत्या तर माय वर बसलीच नसती. माझं म्हणणं, माय बसली नसती तर तुमच्या तिरप्या पट्ट्यांवर मी फडकी वाळत घातली असती. चहाच्या वेळी हे निघायचं आणि माय दोघांनाही म्हणायची, बशा विसळा.

ती तीन वर्षं लई चांगली गेली, नाना. युसूफ वडगावहून माणसं गाड्या घेऊन यायला लागली. तुम्ही खुर्ची टाकून बसायचात, आणि माझा हात खाली जायच्या आधी एकच शब्द: "ठोकळा." प्रत्येक वेळी. मी वैतागून म्हणायचो, आहे नाना, आहे. ह्या वैतागाच्या जागी मी एकदा तरी दुसरं काही बोलायला हवं होतं. तुमचे उपकार झाले, एवढं तरी. ते राहिलं. आणि हेही राहिलं की तळव्याला घाम अजून येतो. रोज. फक्त आता घामासकट हात पुढं जातो.

दुसरं भांडण साखळीचं. मला पिन आणि ठोकळा पुरे वाटत नव्हते. वरच्या अँगलला साखळी टांगून गाडीला अडकवायची होती. तुम्ही नको म्हणालात. दोन असले की माणूस दोन्ही बघतो. तिसरं लावलं की पहिल्या दोनांकडं बघत नाही. मी म्हणालो, भित्र्याला जास्त लागतं. तुम्ही म्हणालात, भित्र्यानंच कमी ठेवावं. तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी साखळी टांगली, तुमच्या फोटोकडं न बघता. त्याच दुपारी एक गाडी उतरवायला गेलो तर खाली ठोकळा नव्हता. मी घातलाच नव्हता. पिनेवर आणि साखळीवर तासभर काम केलं होतं. आधी साखळी काढली आणि मगच पाणी प्यायलो. हे भांडण तुम्ही जिंकलात. मायचं तेवढं मी सोडणार नाही.

एक खुलासा रत्नाताईंसाठी. तुम्ही गेलात त्या सकाळी त्यांनी हाक मारली आणि मला यायला वेळ लागला. त्यांना काय वाटलं असेल ते मला ठाऊक आहे. ताई, घोडीवर गाडी होती. उचललेला भार तसाच टाकून जायचं नाही, हे नानांचंच. ती इंचाइंचानं खाली घेतली आणि मग आत आलो. तुम्ही अंथरुणावर होता, नाना, आणि मला खात्री आहे, आधी आलो असतो तर तुम्ही विचारलं असतं, गाडी उतरवलीस का.

आता मायचं सांगतो, कारण ते तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही. जेवते, बोलते, शेजारणींत बसते. पण मागच्या खोलीत, जिथं तुम्ही गेलात, तिथं पाऊल ठेवत नाही. तिचं पातळ, चष्मा, डोळ्यांचे थेंब, सगळं तिथंच आहे, आणि ती ताईंना आणून द्यायला सांगते. ताई दोन दिवसांनी परळीला परत जातील. लोक तिला समजावतात, बाई, असं कसं चालेल. ती मान हलवते आणि ओसरीतच बसते. तिची बोटं पदराच्या टोकाला पीळ घालत असतात. तो पीळ माझ्या ओळखीचा आहे, गाडीखाली हात जात नव्हता तेव्हाचा.

मी तिला समजावणार नाही. तिनं मला समजावलं नव्हतं. ताई गेल्या की मी शेडला कुलूप लावीन आणि त्या खोलीत भिंतीला टेकून बसेन, दार उघडं ठेवून. एक दिवस, दोन दिवस, आठ. तिला ये म्हणणार नाही. नाना, तिचं देणं एक ना एक दिवस असंच फेडीन: ती उंबऱ्याशी येऊन आत बघेल तेव्हा खोली तिला रिकामी दिसणार नाही.